ब्राह्मी : नाव एक, वनस्पती दोन

बुद्धी व स्मरणशक्ती वाढावी म्हणून मुलांना ब्राह्मी देण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. केसांना लावण्याचे ब्राह्मीचे तेलही परिचयाचे आहे. परंतु ‘ब्राह्मी आणा’ असे सांगितले, तर दोन माणसे दोन वेगळ्या वनस्पती आणण्याचा संभव असतो. दोन्ही वनस्पती पाणथळ जागी जमिनीलगत पसरतात आणि महाराष्ट्रात दोहोंनाही ‘ब्राह्मी’ म्हटले जाते.

पहिली नीरब्राह्मी. ती ओढ्याच्या काठी व तळ्याच्या उथळ पाण्यात वाढते. तिची पाने लहान, मांसल, बिनदेठाची व समोरासमोर असतात. फुले पांढरी किंवा फिकट निळसर आणि चव कडू असते. तिचे शास्त्रीय नाव ‘बॅकोपा मोनिएरी’. ती इसबगोलाच्या कुळातील आहे.

दुसरी मंडूकपर्णी, म्हणजेच कारिवणा. तिचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, दातेरी कडांचे व लांब देठाचे असते. ‘सेंटेला एशियाटिका’ या नावाची ही वनस्पती कोथिंबिरीच्या कुळात मोडते.

चरकसंहितेतील चार मेध्य रसायनांमध्ये मंडूकपर्णीचा समावेश आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने मात्र ‘ब्राह्मी’ हे नाव नीरब्राह्मीसाठी निश्चित केले आहे. १९६३ साली लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील संशोधकांनी नीरब्राह्मीतील घटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यातील ‘बॅकोसाइड’ आणि मंडूकपर्णीतील ‘एशियाटिकोसाइड’ ही द्रव्ये भिन्न आहेत. म्हणून एकीच्या जागी दुसरी घेणे योग्य नव्हे.

वनस्पती अचूक ओळखली, तरी एक प्रश्न उरतोच : ती कोठे वाढली? नीरब्राह्मी पाण्यातील व चिखलातील कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू शोषून घेते. पाणी शुद्ध करण्यासाठी हा गुण उपयोगी आहे. परंतु सांडपाण्याच्या नाल्याकाठची तीच वनस्पती पोटात गेली, तर औषधाऐवजी विष मिळेल. धुतल्याने पानावरची माती जाते, आत मुरलेला धातू जात नाही. तेव्हा वनौषधीचा गुण टिकवायचा असेल, तर आधी आपली तळी व ओढे स्वच्छ राखले पाहिजेत. औषध घेताना वैद्याचा सल्लाही अवश्य घ्यावा.

शब्दार्थ
मेध्य – बुद्धीला हितकर
मंडूक – बेडूक
पाणथळ – सतत ओलसर राहणारी (जमीन)

पाठगत प्रश्न
१. पानांवरून दोन्ही वनस्पती कशा ओळखाल?
२. नीरब्राह्मीचा कोणता गुण उपकारक आणि अपायकारकही ठरतो? का?
३. तुमच्या परिसरात एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन वनस्पती शोधा व त्यांतील फरक पाच वाक्यांत लिहा.