मूर्ती आली कोठून?

एक वस्तू एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. हे इतके उघड आहे, की परीक्षेत ते कोणी विचारतही नाही. पण याच साध्या सत्याच्या आधारे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची एक मूर्ती ऑस्ट्रेलियातून भारतात परत आली. ते कसे घडले, हे आपण पाहू.

तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदन नावाचे खेडे आहे. तेथील बृहदीश्वर मंदिरात चोळ काळातील, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातील, धातूची नटराजमूर्ती होती. पुढे मंदिरातील नित्यपूजा थांबली आणि दाराला कुलूप लागले. २००८ मध्ये ते उघडले, तेव्हा आतल्या मूर्ती नाहीशा झालेल्या आढळल्या. चोरी २००६ मध्येच झाली होती. गावाचा देव गेला आणि गावाला त्याचा पत्ताही लागला नाही!

त्याच २००८ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून एक नटराजमूर्ती विकत घेतली. किंमत होती सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलर. ही मूर्ती श्रीपुरंदनचीच, हे सिद्ध कसे करायचे?

मालकीची साखळी

जुनी कलावस्तू आज कोणाकडे आहे, त्याआधी कोणाकडे होती, त्याच्याही आधी कोणाकडे, असे मागे मागे जात तिचा स्वामित्व-इतिहास लिहितात. ही एक साखळीच असते. तिची एक कडी निखळली, तरी साखळी तुटते.

व्यापाऱ्याने दिलेल्या कागदपत्रांत ही साखळी पुरी दिसत होती. त्यांनुसार, १९६८ ते १९७१ या काळात दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी मुत्सद्द्याने मूर्ती घेतली आणि १९७१ साली ती भारताबाहेर गेली. १९७१ हेच साल का, याचा विचार करा. पुरातन वस्तू खासगीरीत्या परदेशी नेण्यास बंदी घालणारा आपला कडक कायदा १९७२ चा आहे. मूर्ती त्यापूर्वीच गेली असे दाखवले, की खरेदीदार निर्धास्त होतो.

तुम्ही म्हणाल, प्रयोगशाळेत तपासणी का केली नाही? धातूच्या परीक्षेने मिश्रण कळेल, घडणीच्या काळाचा अंदाजही येईल. पण मूर्ती चोळ काळातील आहे, याबद्दल वाद नव्हताच. ती देशाबाहेर केव्हा गेली, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर धातूत लिहिलेले नसते.

एका छायाचित्राची साक्ष

पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेने दक्षिण भारतातील मंदिरे आणि मूर्ती यांची छायाचित्रे काही दशके जमवली आहेत. त्या संग्रहात श्रीपुरंदनच्या नटराजाचे १९९४ सालचे छायाचित्र होते. ते अभ्यासासाठी काढलेले होते. मूर्तीच्या विक्रीशी त्या संस्थेचा काही संबंध नव्हता. अशी साक्ष फार मोलाची असते.

आता वहीत एक आलेख काढा. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर ठिकाण घ्या. कागदपत्रांप्रमाणे १९७१ नंतर मूर्तीची रेषा परदेशात सरकते. छायाचित्राचा बिंदू मात्र १९९४ साली श्रीपुरंदनला पडतो. तो त्या रेषेवर बसतच नाही! वस्तू दोन ठिकाणी असू शकत नाही. म्हणजे कागद खोटे. शंभर जुळणारे कागद जे सिद्ध करू शकत नाहीत, ते न जुळणारा एक पक्का बिंदू खोडून काढतो. विज्ञानातील सिद्धान्तही याच कसोटीला लावले जातात.

पण मूर्ती तीच कशावरून?

नटराजमूर्ती पुष्कळ आहेत. मग छायाचित्रातील मूर्ती आणि कॅनबेराची मूर्ती एकच कशावरून? याचे उत्तर घडणीच्या रीतीत आहे. कारागीर आधी मेणाची मूर्ती करतो आणि तिच्यावर मातीचा लेप देतो. तापवल्यावर मेण वितळून वाहून जाते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात आणि तो थिजल्यावर मातीचा साचा फोडतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही या रीतीचे वर्णन आहे. साचा फुटतो, म्हणून तंतोतंत तशीच दुसरी मूर्ती निघत नाही.

दोन छायाचित्रे ताडून पाहताना मात्र एक सावधगिरी हवी. कॅमेरा सरकला की लांबी बदललेली दिसते. जवळचा भाग मोठा आणि दूरचा लहान दिसतो. म्हणून नुसती लांबी मोजून भागत नाही. कॅमेऱ्याची जागा बदलली तरी जे बदलत नाही, ते शोधावे: प्रभावळीतील ज्वालांची संख्या व क्रम, एखादी वाकडी किंवा तुटलेली ज्वाला, ओतकामातील खाच, झिजलेला भाग. अशा अनेक खुणा एकदम जुळल्या, तर तो योगायोग मानता येत नाही.

२०१३ मध्ये ही छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध झाली आणि मूर्ती एकच असल्याचे दिसून आले. ५ सप्टेंबर २०१४ रोजी ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ॲबट यांनी नवी दिल्लीत ती मूर्ती भारताच्या पंतप्रधानांकडे सुपूर्त केली.

करून पाहा

घरातील पितळी समई किंवा तांब्या घ्या. त्याची वेगवेगळ्या कोनांतून तीन छायाचित्रे काढा. प्रत्येक छायाचित्रात कायम राहणाऱ्या पाच खुणा शोधा. मग तशाच दुसऱ्या भांड्याचे छायाचित्र त्यांत मिसळा आणि मित्राला ते ओळखायला सांगा.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या गावच्या देवळाबाहेर वीरगळ किंवा जुनी मूर्ती उघड्यावर पडलेली असेल, तर वर्गाकडून तिची नोंद करून घ्यावी. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे. उंची, रुंदी, खुणा, ठिकाण व तारीख लिहावी आणि एक प्रत शाळेत जपून ठेवावी. श्रीपुरंदनचे छायाचित्र चोरीच्या बारा वर्षे आधी काढलेले होते, म्हणूनच ते उपयोगी पडले. वस्तू गेल्यावर असे छायाचित्र काढता येत नाही.