खामगांवचा कापूस व न्यूयॉर्कचा भाव : आलेखाचा एक पाठ

खामगांवच्या बाजारांत कापूस उतरला म्हणजे दोष अडत्याच्या माथीं मारण्याची आपली जुनी चाल आहे. कांहीं वेळां तो दोष खराहि असतो. परंतु हा बाजार समुद्रापलीकडे बांधला गेल्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तेथील रुई लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनाशी झाली, लिव्हरपूलचा भाव चढला आणि त्याबरोबर वऱ्हाडचा कापूसहि. 1865 सालीं युद्ध संपतांच भाव कोसळला व मुंबईंत कित्येक पेढ्या बुडाल्या. 1870 सालीं जलंबहून खामगांवास आगगाडी आली, तीहि या रुईसाठींच.

हा संबंध डोळ्यांनीं पाहण्याचें साधन म्हणजे चौकटीचा कागद. न्यूयॉर्कचा भाव एका पौंड रुईस अमुक सेंट असा सांगतात. आपल्याकडे रुईची खंडी 356 किलोची, म्हणजे सुमारें 785 पौंडांची. सेंटांस 785 नें गुणून 100 नें भागावें व डॉलरच्या त्या दिवशींच्या दरानें पुन्हा गुणावें. भाव 70 सेंट व डॉलर 85 रुपये धरल्यास खंडीस सुमारें 46,700 रुपये येतात. ही रेघ निळ्या शाईनें व देशांतील रुईची तांबड्या शाईनें काढावी. सरकीसह कापसाचा भाव येथें घेऊं नये. रोजच्या चढउतारानें दृष्टि फसते, म्हणून चार आठवड्यांची सरासरी घ्यावी. नवा आठवडा धरला कीं जुना सोडावा. दप्तराचे रकाने जुळवण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याचा विश्वास आंकड्यांवर अधिक; पण येथें रेघच लवकर बोलते.

दोन्ही रेघा बरोबर चालतात एवढ्यावर समाधान मानूं नये. त्या कोठें फांकतात तें पाहावें. 2022 च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क 150 सेंटांच्या वर गेलें व आपली खंडी लाख रुपयांवर. ऑक्टोबर अखेर न्यूयॉर्क निम्म्याखालीं आलें, तांबडी रेघ मात्र तितकी उतरली नाहीं. पुष्कळ शेतकऱ्यांनीं गतवर्षींचा भाव परत येईल या आशेनें कापूस घरांत ठेवला, त्यामुळें आवक आखडली. शिवाय एप्रिलपासून माफ असलेली 11 टक्के आयातजकात ऑक्टोबर संपतांच पुन्हा लागूं झाली. पण 2023 सालभर निळी रेघ बहुतेक 75 ते 90 सेंटांतच घुटमळली, आणि वाट पाहणाऱ्यांस अखेरीस कमी भावानें माल द्यावा लागला. ज्यांचें कर्ज मार्चांत फेडावयाचें होतें त्यांस हें फार जड गेलें.

रेघ कारण सांगत नाहीं. 2025 च्या ऑगस्टांत जकात डिसेंबर अखेरपर्यंत उठली, ही गोष्ट कागदावर आधीं दिसणें शक्य नव्हतें. तशीच हमीभावाची सरकारी खरेदी. म्हणून जकातीचे हुकूम व खरेदीच्या तारखा त्याच कागदाच्या कडेस टिपाव्या. या आलेखावरून वायद्यांत पैसा घालण्याचा सल्ला मी कोणास देणार नाहीं. घरचा माल एकदम विकावा कीं तीन हप्त्यांनीं, एवढें ठरविण्यास तो पुरे आहे.

सोयाबीनसाठीं शिकागोचा बुशेल 27.2 किलोचा धरावा. तेथें तेल व पेंड यांच्या रेघा निराळ्या काढाव्या लागतात, तो पाठ पुढें केव्हां तरी देतां येईल.