पहिली मात्रा

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक भयंकर रोग दिसू लागला. रोग्यास सणकून ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत तो प्राणास मुके. गोमंतकात जन्मलेले व मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. हजारो लोक घरदार सोडून गावाकडे निघाले. बाजार ओस पडले. पुढे साथ पुण्यास पोहोचली. तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना १८९७ च्या मार्च महिन्यात याच रोगाने मृत्यू आला.

प्लेगचा जंतू कोणता, हे दोनच वर्षांपूर्वी, म्हणजे १८९४ मध्ये, अलेक्झांडर यर्सिन या शास्त्रज्ञाने हाँगकाँग येथे शोधून काढले होते. परंतु शत्रूचे नाव कळल्याने शत्रू जिंकला जात नाही. त्याच्याशी झुंजण्याचे साधन अद्याप कोणाच्याही हाती नव्हते. अशा वेळी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, छत्तीस वर्षांचा एक परदेशी संशोधक मुंबईत येऊन दाखल झाला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओदेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. विद्यापीठात त्यांना मेचनिकॉव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. गुरूंच्या सहवासात डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांचे त्यांना वेड लागले. परंतु त्या काळी रशियात ज्यू लोकांना फार अन्याय सोसावा लागे. धर्म बदलल्यास मानाची जागा मिळेल, असे हाफकिन यांना सांगण्यात आले. त्यांनी ती गोष्ट नाकारली आणि तेथील उन्नतीची वाट स्वतःच बंद करून घेतली.

१८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हास गेले आणि दुसऱ्या वर्षी पॅरिस येथे पाश्चर यांच्या जगप्रसिद्ध संस्थेत आले. तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयात साहाय्यकाची मात्र होती. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तकांची व्यवस्था पाहावी आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. लवकरच त्यांना संशोधनाची संधी मिळाली आणि त्यांनी पटकीच्या रोगावर लस तयार केली. ती मनुष्यास सोसेल की नाही, हे कोणासच ठाऊक नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला व ओसरला. मगच त्यांनी ती इतरांना दिली.

पटकीचे खरे माहेरघर तेव्हा बंगाल होते. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास आले. तेथील लोक प्रथम त्यांच्याकडे संशयाने पाहत. त्यांनी कोणावर बळजबरी केली नाही. भारतीय डॉक्टरांना सोबत घेऊन ते वस्त्यावस्त्यांतून हिंडले. आधी सर्वांसमक्ष स्वतःच्या व सोबत्यांच्या अंगात सुई टोचून घ्यावी आणि मग लोकांना विचारावे, ही त्यांची रीत होती. शब्दांनी जे पटत नव्हते, ते या कृतीने पटले. अडीच वर्षांच्या आत चाळीस हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्याकडून टोचून घेतले.

असा हा अनुभवी संशोधक प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आला, तेव्हा त्याला काय मिळाले? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहान खोली, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याच सामग्रीवर काम सुरू झाले. रात्रंदिवस चाललेल्या या श्रमांनी मदतनिसांपैकी एकाची प्रकृती ढासळली. दोघे काम सोडून गेले. हाफकिन मात्र खोलीतून हलले नाहीत.

लस म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. आपल्या शरीरात रोगाशी झुंजण्याची शक्ती असते. परंतु नवा शत्रू ओळखण्यास तिला वेळ लागतो आणि तेवढ्यात रोग बळावतो. मारलेले किंवा दुबळे केलेले जंतू आधीच शरीरात सोडले, तर त्यांच्यामुळे तो रोग सहसा होत नाही. पण शरीरास शत्रूची ओळख पटते. नखे व दात काढलेला वाघ दाखवून गावाला सावध करावे, तसाच हा प्रकार आहे. पुढे खरा वाघ आला, तर गाव गाफील नसते.

ही लस करावयाची, तर जंतू फार मोठ्या प्रमाणात वाढविणे आवश्यक होते. हाफकिन यांनी बोकडाच्या मांसापासून केलेला पौष्टिक रस काचेच्या चंबूत भरला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढू लागले आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणे रसात खाली लोंबू लागले. चंबू हलविला की त्या पारंब्या तुटून तळाशी बसत व वर नव्या फुटत. असे काही आठवडे चालल्यावर तो रस सुमारे सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जंतू मारले जात. आपल्या स्वयंपाकघरातील तूप अशा रीतीने शास्त्राच्या कामी आले!

तीन महिन्यांत लस तयार झाली. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. आता प्रश्न उरला तो मनुष्याचा. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली मात्रा स्वतःच्या अंगात टोचवून घेतली. पुढे इतरांना देण्यात आली, तिच्यापेक्षा ही मात्रा कितीतरी मोठी होती. त्यांना जोराचा ताप आला, टोचलेली जागा ठणकू लागली. तरी त्यांनी काम थांबविले नाही. ते बरे झाल्यावर कॉलेजातील अध्यापक, विद्यार्थी आणि शहरातील काही प्रतिष्ठित नागरिक टोचून घेण्यास पुढे आले.

परंतु स्वतःवरील प्रयोगाने लस मनुष्यास सोसते, एवढेच सिद्ध होते. ती रोगापासून वाचविते, हे सिद्ध करण्यास दुसरा पुरावा लागतो. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी सुमारे दीडशे जण स्वखुशीने लस घेण्यास तयार झाले. इतरांनी ती घेतली नाही. दोघांचे अन्न एक, पाणी एक, जागाही एकच. टोचल्याच्या दिवशीच तिघांत रोग प्रकट झाला. तो त्यांच्या अंगात आधीच शिरलेला होता. ते वाचले नाहीत. त्यानंतरच्या आठवड्यात लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी फक्त दोघे आजारी पडले आणि ते दोघेही बरे झाले. कैद्यांवर असे प्रयोग करण्याविषयीचे नियम आज पुष्कळच कडक झाले आहेत. परंतु मोजून व तुलना करून पाहण्याची ही पद्धत आजही नव्या औषधांच्या परीक्षेचा पाया आहे.

दुसऱ्या वर्षी बडोद्याजवळील उंडेरा या गावी हीच परीक्षा अधिक काटेकोरपणे झाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस लस देण्यात आली व निम्म्यांस दिली नाही. पुढे प्लेगने ज्या २८ कुटुंबांत प्रवेश केला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ दगावले. तर लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. लस घेतलेल्यांतही तीन मृत्यू झाले, ही गोष्ट हाफकिन यांनी लपविली नाही. आपली लस अचूक रामबाण आहे, असा दावा त्यांनी केला नाही. ती पुष्कळांना वाचविते, एवढेच आकड्यांनी दाखविले.

कीर्ती वाढली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या प्रशस्त वास्तूत गेली. तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. आणि मग संकट कोसळले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांस काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि त्या सर्वांचा अंत झाला. देशभर हळहळ व्यक्त झाली. चौकशी समिती नेमण्यात आली. लस परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असे समितीचे मत पडले. हाफकिन हे पदवीधर वैद्य नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. हे न रुचणारेही पुष्कळ होते. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि खिन्न अंतःकरणाने ते युरोपास परतले.

परंतु त्यांनी हार मानली नाही. आपणांस दया नको, पुराव्याची फेरतपासणी हवी, हेच त्यांचे मागणे होते. चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणत्या शास्त्रज्ञांनी ती बारकाईने वाचली. त्यांत दोन गोष्टी आढळल्या. बाटली मल्कोवाल येथे उघडली, तेव्हा तिला कोणताही दुर्गंध येत नव्हता. धनुर्वाताचे जंतू तिच्यात कित्येक आठवडे वाढत असते, तर घाण वास आल्यावाचून राहिला नसता. दुसरी गोष्ट अशी, की बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत नीट तापवून शुद्ध न करता नुसता जंतुनाशक द्रवात बुचकळून वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वश्रुत आहे. दोष परळचा नसून बाटली उघडतेवेळचा असावा, हेच यावरून अधिक संभवनीय ठरले.

जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात जाहीर पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नाही, असे स्पष्ट सांगितले. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, हे सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळविणारे रॉस ते हेच. हाफकिन निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात आले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांच्या हाती परत आली नाही. कलकत्त्यास काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले व युरोपात राहू लागले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेस ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ असे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. हे वर्तमान ऐकून वृद्ध हाफकिन यांना समाधान वाटले. मुंबईतील कार्यात आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे खर्ची पडली, असे त्यांनी कळविले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

आज प्लेगवर गुणकारी प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि त्या जुन्या लशीचे महत्त्व पूर्वीसारखे राहिलेले नाही. शास्त्रात असे नेहमीच घडते. काल लावलेला दिवा उद्याच्या उजेडात फिका पडतो. परंतु हाफकिन यांनी घालून दिलेला धडा फिका पडत नाही. जे दुसऱ्यास घ्यावयास सांगावयाचे, ते आधी स्वतः घ्यावे; जे सिद्ध झाले, तेवढेच बोलावे; आणि शंका आली, तर पुरावा सर्वांपुढे मांडावा, हा तो धडा होय. मल्कोवालचे ते एकोणीस जीव आणखी एक गोष्ट शिकवून गेले. संशोधकाने कितीही परिश्रम केले, तरी त्याच्या शोधाचे यश अखेर बाटलीचे बूच काढणाऱ्या हातावरही अवलंबून असते. म्हणून लहानसे कामही जो चोख करतो, तो त्या शोधाचा वाटेकरीच असतो.

स्वाध्याय

१. हाफकिन यांनी पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील जागा का पत्करली? त्यावरून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?

२. स्वतःवरील प्रयोगाने काय सिद्ध झाले व काय सिद्ध झाले नाही?

३. उंडेरा येथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्याच माणसांस लस का दिली असावी, हे आपल्या शब्दांत लिहा.

४. मल्कोवालच्या घटनेत हाफकिन यांचा दोष नव्हता, असे शास्त्रज्ञांनी कोणत्या दोन गोष्टींवरून ठरविले?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, ओस पडणे, खर्ची पडणे, हार न मानणे.