आजोबांचा जन्म परदेशात झाला का? – जनगणनेतून शिकूया स्थलांतर



'परदेशात जन्मलेले रहिवासी' हा विषय मुलांना लांबचा वाटतो. पण पालेगावच्या आसपास राहणाऱ्या आपल्याला उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. शेजारचं उल्हासनगर आहे ना!

आधी इतिहास

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. 'कॅम्प नंबर ४' असे पत्ते आजही त्याची आठवण देतात.

आता वर्गात हा प्रश्न विचारा : १९३० साली कराचीत जन्मलेले आजोबा परदेशात जन्मले का?

१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे जन्माच्या वेळी कराची आणि आपलं गाव एकाच इलाख्यात! सीमारेषा नंतर आखली गेली.

आता आकडे

१९५१ च्या जनगणनेत सुमारे ७२ लाख विस्थापित नोंदले गेले. त्यातले जवळपास ४७ लाख पश्चिम पाकिस्तानातून, बाकीचे पूर्व पाकिस्तानातून आलेले. २००१ मध्ये, शेवटचं वास्तव्य परदेशात असलेले सुमारे ५१ लाख लोक होते. त्यात बांगलादेश ३० लाख, पाकिस्तान ९ लाख, नेपाळ ५ लाख. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून वजाबाकी करू नका, फक्त कल बघा.

असं का झालं?

१. पश्चिमेकडून आलेली पिढी वयोमानाने कमी होत गेली. कुणी परत गेलं नाही, तरी आकडा घटला.
२. त्यांची मुलं-नातवंडं इथेच जन्मली. ती या यादीत येतच नाहीत.
३. पूर्वेकडून लोक १९५१ नंतरही येत राहिले, १९७१ च्या युद्धकाळात तर फार मोठ्या संख्येने.
४. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला. माणूस तोच, रकान्यातलं देशाचं नाव बदललं.

उपक्रम

प्रत्येक मुलाने तीन पिढ्यांचा तक्ता करावा : नातं, जन्मसाल, जन्मगाव, तेव्हाचा प्रांत, आजचं राज्य किंवा देश. जळगाव, आझमगड, कराची, सगळी गावं एकाच नकाशावर लावा. किती जण दुसरीकडून आलेत, हे मुलांना आपोआप दिसेल.

एक काळजी घ्या

कागदपत्रं मागू नका. सांगायचं नसेल त्या मुलाला रकाना रिकामा ठेवू द्या. आणि 'परदेशात जन्मलेला' म्हणजे 'परका' नव्हे, हे स्पष्ट सांगा. सिंधी मुलाला कुणी चेष्टेत 'पाकिस्तानी' म्हणालं, तर रागावून गप्प बसवण्यापेक्षा १९३६ पूर्वीचा मुंबई इलाख्याचा नकाशा समोर ठेवा.

पालकांनो, घरात आजी-आजोबा असतील तर हा तक्ता याच सुट्टीत भरून घ्या. त्यांच्या जन्मगावाची माहिती त्यांच्याइतकी दुसरं कुणी देऊ शकणार नाही.