गवताची खोळ

ओतूर गावाजवळून मांडवी नदी वाहते. कपर्दिकेश्वराच्या देवळापासून काठाकाठाने चालत गेले, म्हणजे उन्हाळ्यात गोट्यांचा उघडा पट्टा लागतो. सेवानिवृत्त झाल्यावर मी तेथे रोज फिरावयास जात असे. वैशाखातील एका सकाळी एक टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. तिचे घरटे जवळपास असणार हे उघड होते. पण ते काही दिसेना. अखेर दिसले, तेव्हा मी त्यापासून दोन हातांवर उभा होतो! घरटे कसले? जमिनीतील उथळ खळगा, त्यात चार अंडी, आणि अंड्यांवर काळसर ठिपके असे, की भोवतालचे गोटे कोणते आणि अंडी कोणती, हे सांगता येऊ नये.

मला मोह झाला. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि काळी छत्री अशा थाटात मी वीस पावलांवर जाऊन बसलो. टिटवी घरट्याकडे येई, मला पाही आणि ओरडत दूर जाई. असा तास गेला. तेवढ्यात एका कावळ्याने डाव साधला. मी धावलो, पण दोन अंडी फुटली होती. मुलांनो, तीस वर्षे मी वर्गात ‘शांत बसा’ असे सांगत आलो. नुसते शांत बसणे पुरेसे नसते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या उन्हाळ्यात नातवाला हाताशी घेऊन मी खोळ करावयास बसलो. पावसात मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात, तशीच, परंतु गवताची. दडणे म्हणजे अंग झाकणे, असा आपला समज असतो. हिरवी चादर पांघरली तरी डोक्याची व खांद्यांची रेषा दुरून ओळखू येते. ती रेषाच मोडावी लागते. स्कॉटलंडमधील शिकारीच्या रानांचे राखणदार यासाठी अंगावर चिंध्या व गवत बांधीत. त्यांना ‘गिली’ म्हणत. म्हणून हा पोशाख ‘गिली सूट’. १९०० साली, दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी, लॉर्ड लोव्हट यांनी अशा लोकांचे पथक उभारले आणि त्यांची युक्ती सैन्यात शिरली. आम्हांला बंदुकीशी कर्तव्य नव्हते. युक्ती तेवढी घेतली.

पिंपळगाव जोगा धरणावरील मासेमारांनी एक फाटके जाळे दिले. त्याचे दोन तुकडे केले, एक मोठा, एक लहान. कापलेले दोरे मात्र वेचून घरी आणले. नायलॉनचा दोरा पाखराच्या पायात गुंतला, तर सुटत नाही. मग धान्याची जुनी तागाची पोती धुतली, वाळविली आणि त्यांचे हातभर लांबीचे पट्टे कापून आडवे धागे उसवीत बसलो. हे काम कंटाळवाणे खरे. नातवाने तिसऱ्या दिवशी संप पुकारला.

रंगासाठी दूर जावे लागले नाही. ओतूर कांद्याचे गाव. टरफलांना काय तोटा! ती अर्धा तास उकळून पाणी गाळले व भिजविलेले धागे त्यात घातले. पिवळसर तपकिरी रंग चढला. गंजके खिळे टाकले, तेव्हा तो काळवंडला, आणि येथे आमची चूक झाली. जाळ्याच्या गाठींना दहा-बारा धाग्यांचे झुबके बांधून झाले, तेव्हा खोळ न दिसता अस्वल दिसू लागले. नदीचे गोटे फिकट राखी! निम्मे झुबके सोडून त्या जागी न रंगविलेले बांधले आणि त्यांना नदीचाच गाळ चोळला.

गवत मात्र सर्वांत शेवटी, बसावयाच्या दिवशी, बसावयाच्या जागेजवळूनच घ्यावे, तेही थोडके. हिरवी पाने दोन तासांत माना टाकतात. गाजरगवताने अंगावर पुरळ उठतो, कुसळे टोचतात, आणि खाजकुइलीच्या वाटेस तर कोणी जाऊच नये. खोळ घालण्यापूर्वी झटकावी. विंचवालाही ती आवडते. ताग चटकन पेट घेतो, म्हणून चुलीपासून ती दूर ठेवावी.

आणखी एक गोष्ट कानांत तेल घालून ऐका. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांतून बिबटे राहतात. वाकून बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा वाटत नाही. म्हणून आम्ही उसापासून दूर, उघड्यावर, ऊन चढल्यावरच बसलो आणि माझा मुलगा काठी घेऊन मागे दूरवर उभा राहिला. एकट्याने, किंवा तिन्हीसांजेला, हा उद्योग कोणी करू नये.

नवे घरटे सापडले होते. आम्ही साठ पावलांवर बसलो, आणि टिटवी बिचकली की निघून जात असू. दोन दिवस ती बिचकली. तिसऱ्या दिवशी ती चार पावले धावली, थांबली, पुन्हा धावली आणि अंड्यांवर बसली. दुपारी ऊन कडकडीत तापले. तेव्हा तिच्या जोडीदाराने घरट्याचा ताबा घेतला. ती नदीकडे गेली, पाण्यात उभी राहिली आणि पोटाची पिसे चिंब भिजवून परतली. ओल्या पोटानेच ती अंड्यांवर बसली. नातवाने खोळीतून हात काढून माझी बाही ओढली. टिटवीने मान वळवून आमच्याकडे पाहिले, पण ती उठली नाही.