वाचली, पण जगते कशी? – गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणि बायकांचं आयुष्य



कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "वाचेल ना?" प्रश्न साहजिकच आहे. पण उपचार संपून बाई घरी आली की दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही: "आता ती जगते कशी?" यंदा आपण जो निधी जमवत आहोत तो महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या बायकांची तपासणी आणि उपचारानंतरची मदत यासाठी आहे. म्हणून स्मरणिकेत या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आम्ही ठरवलं.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कोड लिहिणारी माणसं. तेव्हा हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. वाचून जे समजलं ते आपल्या भाषेत मांडायचा हा प्रयत्न आहे.

आजार नेमका काय?

गर्भाशयाचं, म्हणजे बोलीभाषेत 'पिशवी'चं, तोंड योनिमार्गात उघडतं. तिथे होणारा हा कॅन्सर. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस (एचपीव्ही) असतो. हा संबंध शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतो आणि बहुधा शरीर तो आपोआप घालवून टाकतं. त्यामुळे हा आजार म्हणजे कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे, हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं!

काही बायकांमध्ये मात्र संसर्ग टिकून राहतो. पेशी हळूहळू बदलतात आणि साधारण १० ते २० वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात या आजाराच्या सव्वा लाखाहून जास्त नव्या रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या २ टक्केसुद्धा निघाल्या नाहीत.

'अंगावर काढणं'

आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, 'दुखणं अंगावर काढणं'. पांढरं जातंय, पाळी गेल्यावरही लाल दिसतंय, संबंधानंतर रक्त येतंय, कंबर दुखतेय, आणि बाई शेतावर चाललीच आहे. सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती, आणि सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर असेलच असं नाही.

याचा पहिला परिणाम आयुष्यावर होतो तो निदानाच्या आधीच. स्रावाला वास येतो म्हणून बाई चारचौघांत बसायचं टाळते. लग्नकार्याला जात नाही. घरात वेगळी बसते. आजाराचं नाव कळण्यापूर्वीच तिचं जग लहान झालेलं असतं.

जगणं मोजायचं कसं?

आम्हा इंजिनिअर मंडळींना लगेच प्रश्न पडतो की 'जीवनमान' ही काय मोजायची गोष्ट आहे का? तर आहे. युरोपातल्या कॅन्सर संशोधकांच्या 'ईओआरटीसी' या संस्थेने त्यासाठी प्रश्नावल्या बनवल्या आहेत. कोणत्याही कॅन्सरसाठी ३० प्रश्नांची एक, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी २४ प्रश्नांची वेगळी. बहुतेक प्रश्नांना चार उत्तरं असतात, 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत. त्यावरून शून्य ते शंभर असे गुण काढतात.

प्रश्न साधे आहेत. लांब चालताना त्रास होतो का? सामानाची जड पिशवी उचलता येते का? (आपल्याकडे पिशवीऐवजी पाण्याचा हंडा म्हणा.) लघवी आपोआप होते का? पाय सुजतात का? आजारामुळे घरच्यांबरोबरच्या आयुष्यात अडथळा आला का? पैशाची ओढाताण झाली का? आपण बाई म्हणून कमी पडतो असं वाटतं का?

हा शेवटचा प्रश्न वाचून आम्ही जरा थांबलो. ब्लड रिपोर्टमध्ये याचं उत्तर कधी येणार नाही. तो विचारावाच लागतो.

उपचारानंतर काय उरतं?

आजार अगदी सुरुवातीला सापडला तर शस्त्रक्रियेने भागू शकतं. पुढे गेला असेल तर साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे बाहेरून किरणोपचार (रेडिएशन) देतात. सोबत दर आठवड्याला केमोचं औषध, आणि नंतर आतून किरणोपचार, म्हणजे ब्रेकीथेरपी. या उपचारांनी असंख्य बायका बऱ्या होतात, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. पण गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय आहे आणि मागे आतडं आहे, त्यामुळे किरणांचा थोडाफार मार त्यांनाही बसतो.

मग काहींना वरचेवर लघवीला जावं लागतं, काहींना जुलाब होतात, काहींना रक्त पडतं. एसटीने दोन तासांचा प्रवास करायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. मांडीतल्या गाठींवर किंवा पोटातल्या लसिकाग्रंथींवर उपचार झाले असतील तर पाय सुजतो. दिवसभर उभं राहून किंवा वाकून काम करणाऱ्या बाईची त्याने मजुरीच बुडते. किरणांमुळे बीजकोश बंद पडतात, आणि पस्तिशीतल्या बाईला एकदम पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात. मूल हवं असेल तर ते दार बंद होतं.

योनिमार्ग कोरडा पडतो, आखडतो. संबंध दुखतात. हे टाळण्यासाठी व्यायाम आहेत, डायलेटर नावाचं साधन आहे, मलमं आहेत. पण गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना सांगायला वेळ नसतो आणि बाईला विचारायचा धीर होत नाही. कॅन्सर संसर्गजन्य आहे अशा समजुतीने नवरा लांब राहतो. (कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही!) घरात कुणी काही बोलत नाही, आणि बाई समजते की आता आपलं असंच चालायचं.

पैशाचं म्हणाल तर सरकारी योजनांमधून उपचाराचा बराच खर्च भागतो. पण सात-आठ आठवडे शहरात राहायचं, खायचं, सोबत आलेल्या माणसाचा रोज बुडायचा, घरी लहान मुलीने शाळा सोडून स्वयंपाक करायचा, याचं बिल कुठल्याच हॉस्पिटलमध्ये बनत नाही.

उपचार तोच, जगणं वेगळं

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० बायकांचा अभ्यास केला. अर्ध्यांना नेहमीच्या पद्धतीने किरण दिले. अर्ध्यांना आतड्याला वाचवत, कॉम्प्युटरने किरणांची तीव्रता कमीजास्त करून आणि रोज प्रतिमा तपासून दिले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आतड्याचे उशिरा होणारे मध्यम ते तीव्र त्रास पहिल्या गटात सुमारे ४२ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे २१ टक्के. कॅन्सरवरचा ताबा मात्र दोन्हीकडे सारखाच!

म्हणजे नुसतं 'किती वाचल्या' एवढंच मोजलं असतं तर दोन्ही पद्धती सारख्याच दिसल्या असत्या. 'कशा जगतात' हे विचारलं म्हणून फरक कळला.

बार्शीने काय शिकवलं?

आमच्या धंद्यात म्हणतात की बग जितका लवकर सापडेल तितका दुरुस्तीचा खर्च कमी. इथेही तेच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून बायकांशी बोलू लागले, लक्षणं समजावून सांगू लागले. एवढ्यानेच काही वर्षांत बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. फक्त कुणीतरी येऊन विचारल्याने!

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्हीची एकच तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार, एवढ्याने त्या गटातले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाची तपासणी केली नाही म्हणून या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती विचार करण्यासारखी आहे. पण त्या बायकांनी जगाला जे शिकवलं त्याचा फायदा निदान त्यांच्या लेकीसुनांना तरी मिळायला हवा ना?

त्याहून साधी तपासणीही आहे. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगर म्हणा ना) लावून एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन टाटाने ही तपासणी दर दोन वर्षांनी केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कॅन्सरपूर्व बदल सापडला तर तो भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात. बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाते. पिशवी शाबूत, पाळी शाबूत, संसार शाबूत. वरची सगळी यादी टळते.

एक सावधगिरी

भीतीचा धंदाही होतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांच्या पिशव्या काढल्याचं उघडकीला आलं आणि २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली होती. म्हणून तपासणी म्हणजे पिशवी काढणं नव्हे, हे प्रत्येक शिबिरात सांगितलंच पाहिजे.

आपण काय करायचं?

आधी आपल्या घरापासून. इथे अमेरिकेत २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना नियमित तपासणीचा सल्ला दिला जातो. आपली शेवटची कधी झाली, आठवतंय का? मुलगे असोत की मुली, ११-१२ व्या वर्षी एचपीव्हीची लस देतात, ती चुकवू नका. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला किंवा सासूबाईंना एकदा नीट बसून विचारा. ६५ नंतर तपासणी थांबवायची ती आधीच्या तपासण्या व्यवस्थित झाल्या असतील तरच. आपल्या बहुतेक आयांची एकदाही झालेली नसते. पाळी गेल्यावर लाल दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

आता निधीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी उद्दिष्ट ठेवलं आहे: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची तपासणी, ९० टक्के रुग्णांना उपचार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही भारतीय लस २०२३ पासून मिळते आहे. साधनं आहेत, ती गावापर्यंत पोचवायची आहेत. आमची विनंती एवढीच, की देणगी देताना तपासणीबरोबर 'नंतरच्या' खर्चाचाही विचार करा. बाईला आणि तिच्या सोबतच्या माणसाला प्रवासभाडं, उपचार चालू असेतो राहायची सोय, पायाच्या सुजेसाठी फिजिओथेरपी, आणि दार लावून अर्धा तास बोलणारी एक समुपदेशक. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, पण २४ प्रश्नांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरं यानेच बदलतात.

दान सढळ हाताने कराच. आणि आज रात्री गावाकडे फोन लावाल तेव्हा "तब्येत कशी आहे?" वर "बरी आहे" असं उत्तर आलं, तर तिथेच थांबू नका. पुढचा प्रश्नही विचारा.