जुन्या लॅपटॉपसाठी हार्ड डिस्कची निवड

लॅपटॉपमधील मजकूर ज्या चुंबकीय तबकड्यांवर साठविला जातो, त्या तबकड्यांच्या बंद पेटीस हार्ड डिस्क म्हणतात. तबकडी मिनिटास बहुधा ५४०० फेरे घेते आणि एक सूक्ष्म शीर्ष तिला स्पर्श न करता तिच्यावर खुणा उमटविते. फिरणारा भाग झिजतोच. पडदा व कळफलक शाबूत असूनही डिस्क निकामी होते, ती यामुळे. म्हैसूरलगतच्या हिनकलसारख्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्यास अशा वेळी प्रश्न पडतो, की जुळणारी डिस्क आणावी कोणती? त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट जोडणी. साटा ही जोडणी २००३ साली प्रचारात आली. तरी त्यानंतरही काही वर्षे पुष्कळ लॅपटॉपांत जुनी आयडीई जोडणीच असे. आयडीई डिस्कच्या कडेस दोन ओळींत ४४ बारीक पिना असतात. साटा डिस्कवर दोन चपट्या पट्ट्या दिसतात. एकीवर ७, तर दुसरीवर १५ संपर्क असतात. ह्या दोहोंची अदलाबदल होत नाही.

दुसरी गोष्ट जाडी. लॅपटॉपची डिस्क सामान्यतः २.५ इंची असते. परंतु तिची जाडी १२.५, ९.५ किंवा ७ मिलिमीटर असू शकते. पातळ डिस्क जाड जागेत पट्टी लावून बसविता येते. जाड डिस्क पातळ जागेत मावत नाही.

तिसरी गोष्ट धारणक्षमता. डिस्कवरील प्रत्येक खणास क्रमांक असतो. जुन्या आयडीई यंत्रांत हा क्रमांक २८ द्विमान अंकांचा असल्याने २६,८४,३५,४५६ खणच मोजता येतात. प्रत्येक खणात ५१२ बाइट धरल्यास एकूण क्षमता सुमारे १३७ गिगाबाइट होते. अशा यंत्रास याहून मोठी डिस्क जोडली, तर पुढचा भाग त्याला दिसतच नाही.

साटा यंत्रास ७ मिलिमीटर जाडीची, फिरता भाग नसलेली एसएसडी चालते. आयडीई डिस्क मात्र आता बहुधा वापरलेलीच मिळते. बंगळूरचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे ती शोधावी. घेताना ती किती तास चालली आहे व तिचे किती खण बाद झाले आहेत, ह्या दोन नोंदी दुकानदाराकडून पडद्यावर पाहून घ्याव्यात.

खरेदीस निघण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. जुनी डिस्क वाचता येत असेल, तर यूएसबी जोडणीने तिच्यावरील मजकुराची प्रत काढावी. टकटक आवाज येत असेल, तर ती पुन्हापुन्हा सुरू करू नये; शीर्ष तबकडीवर घासून उरलेल्या खुणाही पुसल्या जाण्याचा संभव असतो. नवी डिस्क बाजारात मिळेल. जुनीवर राहिलेला प्रबंध किंवा वर्षानुवर्षे जमविलेला शब्दसंग्रह कोठेही विकत मिळणार नाही.